तीन मिली

दर दोन तासांनी सिस्टर लुनेस
दाराच्या लोखंडी चौकटीवर चमचा वाजवते
आणि आम्ही नऊ जणी उठतो.
ज्यांची बाळं छातीला बांधलेली त्या हळू,
ज्यांची पेटीत त्या झटकन.

माझं पेटीत.
बाराशे साठ ग्रॅम.
सरोवराच्या काठी उसिपा मासळीचा
एक वाटासुद्धा याहून जड भरतो.

"पिवळा आहे, चिकट आहे, तरी टाकायचा नाही,
चीक आहे तो," सिस्टर सांगते.
"म्हातारी म्हणेल नासका आहे.
म्हातारीला माझ्याकडे पाठवा."
मग स्वतःची मूठ उचलून दाखवते:
हा स्तन. अंगठा वर, बोटं खाली.
आधी मागे दाबायचं, मग पुढे.
"ओढायचं नाही. मका सोलत नाही आपण."
सगळ्या हसतात. मीही, अर्धवट.

दूध नळीतून जातं, नाकातून थेट पोटात.
चोखणं, गिळणं, श्वास घेणं
ही तीन कामं अजून त्याला एकत्र जमत नाहीत.
"माझ्या नवऱ्याला दोनही जमत नाहीत,"
खिडकीजवळची फालेसी म्हणते.

पेल्यावर काळी रेघ आहे, तीन मिलीची.
माझं दूध रेघेपर्यंत येत नाही.
तळाला नुसती ओल,
पेला तिरका धरला तर एका बाजूला गोळा होणारी.
तक्त्यावर मी लिहिते ३.
पुढच्या वेळी ३.
पहाटे कुणी बघत नव्हतं तेव्हा
साडेतीन लिहिलं.

मंगळवारी काटा बोलला. अकराशे नव्वद.

सिस्टर तक्ता वाचते, काही म्हणत नाही.
स्टूल ओढून बसते.
तिच्या चपलेचा अंगठा तारेने शिवलेला.
"एनेलेस, रात्री जेवलीस?"
हो.
"काय?"
न्सिमा.
"कशाबरोबर?"
यावर मला खोटं सुचत नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातलं कुणाचं तरी बाळ रडतं
(माझं नव्हे, त्याला रडण्याएवढी ताकद नाही)
आणि सिस्टरच्या पांढऱ्या गणवेशावर
आधी डावीकडे, मग उजवीकडे
रुपयाएवढा काळपट डाग उमटतो.
ती वही छातीशी धरते.
उशीर झालेला असतो. फालेसीने पाहिलंय.

"सिस्टर, हे कुणाचं?"
"पाच महिन्यांचा आहे. बहिणीकडे ठेवलाय."
"मग तो काय पितो?"
"बहिणीला म्हटलंय, लापशी देऊ नको."
थांबते.
"देत असेल."

कुणीच हसत नाही.
मग तीच हसते, नाकातून,
आणि पेन माझ्या हातात देते.
"हे तीन खोड. सगळे खोड.
अर्धा असेल तर अर्धा लिही,
ओल असेल तर ओल लिही.
तू तीन लिहितेस, मी तीन धरते,
आणि उपाशी तो राहतो.
खरं लिही, उरलेलं मी डॉक्टरकडे मागते.
आणि तुझ्या सासूला सांग, चुलीजवळच आहे ना ती,
शेंगदाणे कूट, भाजीत घाल, भरपूर."

मी खोडते. शाई फुटते, कागद फाटतो थोडा.

पेटी उघडून ती त्याला काढते,
नळी सावरते, टोपी सरळ करते,
आणि माझ्या उघड्या छातीवर ठेवून
चितेंजेने आवळते. घट्ट, मग आणखी घट्ट.
"डोक्याचा वास घे.
आत्ता दाबू नको. नुसता वास घे."
स्पिरिटचा वास येतो. त्याखाली दुसरा कसलातरी,
ओल्या काडीसारखा.
त्याचा पाय माझ्या बरगडीवर एकदा सरकतो.

चमचा वाजतो.
या वेळी दीड.
मी १ लिहिते, टिंब देते, ५ लिहिते.
टिंब जरा मोठं होतं.

मागच्या मोरीत नळ बंद आहे,
तरी पत्र्याच्या भांड्यात बारीक धार पडल्याचा आवाज येतो.
बराच वेळ.
सिस्टर लुनेसच्या त्या भांड्याला रेघ नाही.