पांढरा, रोज पाणी

टेम्पोवाल्यानं साडेतीनशेला दिलं,
देवपुरात, बंद पेट्रोलपंपाच्या सावलीत.
कुंडीत खुपसलेली प्लास्टिकची पट्टी:
फॅलेनॉप्सिस. पांढरा. रोज पाणी.
वर फोटो, पंख पसरलेल्या पाकोळीसारख्या फुलाचा.

मी महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसते.
छापलेल्यावर विश्वास ठेवायचा
मला पगार मिळतो.

रोज पाणी दिलं.
मार्गशीर्षातही, जेव्हा पांझरेवरचा वारा
गच्चीतला नळ हाताला चावेल इतका गार करतो,
तेव्हाही सकाळी एक तांब्या, देवाच्या आधी.
माघात पेरापेरातून हिरवे कोंब निघाले.
मी पेढे सांगायच्या बेतात.

टॅक्स विभागातला नेहेते, रावेरचा,
आमच्याकडे भरीत खायला आला होता.
वांग्याचं देठ चोखत त्यानं कुंडी फिरवली,
कोंबांखाली लोंबणारी पांढरी मुळं दाखवली.
"ताई, कया कुठल्या? हे मुनवे.
आमच्या केयीले येतात तसे.
दोन्ही वेळ जेवून सुस्तावलंय झाड,
फुलायची गरज काय त्याले?"

तेव्हा पहिल्यांदा
मी पट्टी सोडून झाड वाचलं.
फोटोतल्याला खोड नसतं,
बुडाशी चार रुंद पानं, बैलाच्या जिभेएवढी.
माझ्या कुंडीत बोटाएवढा ऊस उभा:
कांडी, पेर, पेरावर कागदी सालपट,
पानं आळीपाळीनं, इकडे एक, तिकडे एक.
डेंड्रोबियम. बहुतेक.
आमच्या रजिस्टरात "बहुतेक" चालत नाही.

त्याच आठवड्यात खिडकीशी
दगा पुंजू बोरसे.
आधारवर युवराज, जन्मनोंदीत दगा.
आधीची तीन गेली म्हणून आईनं ठेवलेलं,
यमाला वाटावं, हे न्यायच्या लायकीचं नाही.
"जुनं खोडायचं का?"
"नका खोडू, ताई. तेनीच ते जगाडं माले.
बाजूले दुसरं लिखी द्या."
नियमात बसत होतं. लिहिलं.

वैशाखात चव्वेचाळीस.
कुंडी कूलरच्या तोंडाशी, ओल्या वाळ्याच्या वासात,
आणि मुलगा म्हणाला, झाडाला कूलर, आम्हाला पंखा.
नारळाचा भुसा काढून टाकला,
सुकलाल इस्त्रीवाल्याकडून ओंजळभर कोळसे आणले,
विटेचे तुकडे मी स्वतः फोडले,
एक अंगठ्यावर.

दिवाळी झाली आणि पाणी बंद केलं.
लिहायला सोपं आहे.
हात सवयीनं तांब्या भरायचा,
मी तो जिन्यावरून परत आणून
तुळशीत ओतायची.
रात्री कुंडी गच्चीवरच. पारा सातवर.
पानं पिवळी पडली, एकेक करून गळाली,
कांड्या सुरकुतल्या म्हातारीच्या बोटांसारख्या.
हे म्हणाले, मारलंस.
मी काही बोलले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

शिवरात्रीला आठ दिवस होते.
कपडे वाळत घालताना दिसलं,
उघड्या पेरावर मोहरीएवढं काहीतरी.
कोंब टोकदार असतो, हे आता मला माहीत.
हे गोल होतं.
तरी नेहेतेला फोन केला नाही. एकदा पेढ्यांपर्यंत गेले होते.

मग नऊ उघडली.
पांढरं एकही नाही.
कडा जांभळ्या, वांग्याच्या फुलासारख्या,
घशात काळसर लाल डाग,
जवळ गेलं तर मधाचा पुसट वास, फक्त सकाळी.

पट्टी मी उपटली नाही.
उलटी केली, मार्करनं लिहिलं:
डेंड्रोबियम (बहुतेक). जांभळा.
थंडीत उपाशी ठेवणे.

गेल्या वर्षीच्या मुनव्यांतला एक
नेहेतेनं रावेरला नेलाय.
परवा विचारत होता, आई नाव विचारते, काय सांगू?
म्हटलं, फुलेपर्यंत
काहीही सांग.