अकरा वेळा विकलेली कोंबडी

तापलेलेई गेली तेव्हा तिच्या उशीखाली
एक रुमाल सापडला, चारपदरी घडीचा.
आत सात तुकडे, वाळून खडखडीत:
सात महिन्यांच्या प्रभुभोजनाची भाकर.
ती जिभेवर घ्यायची, मान खाली घालायची,
आम्हाला वाटायचं, किती वेळ प्रार्थना करते ही.

घशात काय होतं ते कोणी बोललं नाही.
नंदीच्या टेकड्यांवर आम्ही त्याचं नाव घेत नाही.
'तो आजार' म्हणतो,
आणि दाराकडे बघतो.

मी मंडळीची खजिनदार.
एकतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून वही माझ्याकडे.
पुढच्या रविवारी उभी राहिले, म्हणाले,
एल्डोरेटला जायला साडेचारशे शिलिंग,
यायला साडेचारशे,
किरणं पंचवीस दिवस.
तोंडी करा हिशेब.
कोणी केला नाही. किंवा सगळ्यांनीच केला,
म्हणून तर इतकं चिडीचूप.

वडील अराप सिगेई उठले.
"आधी छप्पर. तिसऱ्या बाकावर पाणी पडतं.
देवाचं घर गळतंय, आणि तुम्ही
मटाटूवाल्यांची धन करायला निघालात?"
खोटं नव्हतं ते. तिथली बादली मीच ठेवते.

आमच्या बायका चहा खुडतात. मजुरी
महिना उगवायच्या आत मावळते.
म्हणून दानात कोबी येतो, अंडी येतात,
मुरसिकचा भोपळा येतो, कोळशाचा वास असलेला,
आणि उपासना संपली की दाराशी लिलाव.
त्या दिवशी जेबिवोतने करडी कोंबडी आणली, पाय बांधून.
दोनशेला गेली.
घेणाऱ्याने ती परत टेबलावर ठेवली: "पुन्हा विका."
तीनशेला गेली. "पुन्हा विका."
सहाव्या खेपेला म्हातारा किपकेमेई म्हणाला, "वीस,"
आणि आवारात एकानेही
एकवीस म्हटलं नाही.

अकराव्या बोलीला कोंबडी वैतागली.
पवित्र शास्त्राशेजारीच तिने अंडं घातलं.
तेही विकलं, चाळीसला.

तीन हजार आठशे सत्तर.
एवढ्यात इस्पितळ बांधता येत नाही.
इस्पितळामागे पत्र्याची एक खोली घेता येते,
दोन गाद्या, एक शेगडी,
नाचणीचं पीठ, पातळ उजीसाठी, जी उतरते घशाखाली.
औषध आम्ही देत नाही. सोबत जातो.
रांगेत नंबर धरतो, ओकारी आली तर पिशवी धरतो.
प्रार्थना, मागितली तर.
पहिल्या खेपेला बिरगेनच्या आईने मागितली नाही;
तिला रेडिओ हवा होता. तो दिला.

पाळक आता काहींची भाकर
द्राक्षरसात भिजवून चमच्याने भरवतात.
चमचा माझ्या घरचा.
रुमाल पेटीच्या तळाशी आहे,
नोटा मी त्याच्यावर ठेवते.

दर महिन्याला पेटीत एक पाकीट निघतं. नाव नसतं. पाचशे.
वर लिहिलेलं: 'छपरासाठी नव्हे.'
अक्षर मला ठाऊक आहे. सभेच्या इतिवृत्तात
तेच अक्षर म्हणतं,
'माझा विरोध नोंदवून घ्यावा.'
दोन्ही कागद मी जपून ठेवलेत. बोलले नाही.

या महिन्याची तूट दोन हजार एकशे चाळीस.
खोलीचं भाडं वाढलंय. तिसरा बाक ओला आहे.

कोंबडी माझ्या अंगणात असते.
शेवटच्या बोलीनंतर तिला कोणी नेलंच नाही.
अकरा मालकांची,
म्हणजे कुणाच्याच ताटात न जाणारी.
खुशाल माझी भाजी उकरते.
तिला वहीत कुठे मांडावं, जमेला की खर्चाला,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.