कुठला गणपा?

मार्केट यार्डातल्या तोलाईच्या वह्या,
अठ्ठावीस, लाल कापडाच्या,
गुळाच्या बोटांनी पानं एकमेकांना चिकटलेली.
आप्पांनी ती चहाच्या वाफेवर धरून सोडवली
आणि मी, आम्ही कोल्हापूरच्या पोरी म्हणतो तसं,
महिनाभर टाईप करत बसलो.

मग एक रेगेक्स लिहिला.
आधी नाव, मग आडनाव, गाव असलं तर गाव,
मग आकडा, मग "रवे".
कंसात धरायचं ते धरलं,
उरलेलं चिपाडासारखं बाजूला.

तीन हजार एकशे बारा मॅच.
पण हातात काही नाही, नुसती रांग.
मागाल तसा एकेक पुढं येणार,
आणि एकदा मोजून झाली की संपली.
दुसऱ्यांदा विचारलं, तर शून्य.
गुऱ्हाळावर असंच असतं,
रस काहिलीत गेल्यावर
ग्लास पुढं करून उपयोग नाही.

म्हणून लिस्ट केली.
लिस्ट सोशीक. आलं त्या क्रमानं ठेवते.
गणपा चौगुले सत्तर वेळा, तर सत्तर वेळा.

पण शेठच्या नातवाला हवी होती फक्त नावं,
पेढीच्या शंभरीला संगमरवरी फळ्यावर कोरायला,
एक माणूस एकदाच.
सेट केला. एक शब्द, एक कंस उघडा, एक बंद.
तीन हजारांचे चारशे एकोणीस झाले.
छान वाटलं. खालून चहा मागवला.

आप्पा चष्मा पुसत स्क्रीनजवळ आले.
बोट ठेवलं.
"ह्यो कुठला गणपा?"
कुठला म्हणजे?
"वडणग्याचा, का शियेचा?
का त्यो भुयेचा, एका डोळ्याचा?
गूळ काळपट यायचा त्येचा,
तरी बोली लागायची. वजनात खोट न्हाई."

सेटला एकच गणपा ठाऊक.

डिक्शनरी करून बघितली.
नाव ही किल्ली, रवे आत.
तिथं तर नवा आला की जुन्यावर बसतो.
शेवटचा गणपा उरला, अकरा रव्यांचा,
बाकीचे त्याच्या बुडाखाली.
आप्पा हसले नाहीत.
"मयतीनंबी एवढं पुसत न्हाई माणसाला."

रात्री परत मुळाशी गेलो.
मॅच म्हणजे नुसता शब्द नव्हे.
तिला माहीत असतं
आपण कितव्या अक्षरापाशी सुरू झालो,
कुठं थांबलो, कुठल्या ओळीच्या कुशीत होतो.
मीच घाईनं तिचं नाव तेवढं काढून घेतलं
आणि तिची जागा टाकून दिली.
या जिल्ह्यात नाव विचारायच्या आधी
गाव विचारतात, आणि मी ते विसरलो.

मग किल्लीत नाव आणि गाव दोन्ही,
आत एक लिस्ट, तिच्यात जेवढे सौदे तेवढे.
गाव लिहिलेलं नसलं
तर अक्षराच्या क्रमांकावरून पान,
आणि पान आप्पांपुढं.
ते मजकूर वाचत नाहीत, शाई वाचतात.
"ही बापू तोलाईदाराची वळणं.
बापू सोमवारचाच असायचा.
सोमवारी शियेच्या गाड्या."
झालं. शिये.
असे चार दिवस गेले, दोन बाटल्या डोळ्यांचं औषध,
चारशे एकोणीसचे पाचशे तीन.
शेठचा नातू फोनवर म्हणाला, फळा मोठा करावा लागेल.
म्हटलं, करा.

एक मॅच उरली.
आडनावाचा कंस रिकामा, गावाचा कंस रिकामा.
गणपा. तीन रवे.
शाईही आप्पांना ओळखू येईना.
वही उन्हात नेली, परत आणली,
"असंल कुणीतरी" म्हणाले, आणि बराच वेळ
पान मिटलं नाही त्यांनी.

त्याच्यासाठी वेगळी लिस्ट केली,
एकाच माणसाची.
फळ्याच्या तळाशी बोटभर जागा आहे का,
उद्या विचारायला जातो.