बेचाळिसाव्या दिवशीचा फोन

न्डोलाच्या इस्पितळात प्रसूती विभागामागे एक खोली आहे.
पूर्वी तिथे केरसुण्या ठेवत.
आता मी, एक टेबल, एक टेलिफोन,
आणि भिंतीला टेकून खोके, सगळे सारखे पांढरे,
वर नुसते आकडे.
निम्म्यांत औषध आहे,
रक्तानं मुश्किलीनं धरलेली गाठ सुटू न देणारं.
निम्म्यांत मीठ-पाणी.
कुठल्यात काय, मला ठाऊक नाही.
सिस्टर चोलाला नाही, डॉक्टरांना नाही.
ठाऊक आहे दूरच्या शहरातल्या एका यादीला,
आणि तिला कोणी विचारायचं नाही
शेवटची बाई मोजून होईपर्यंत.

बाकी सगळं असतंच: सुया, टाके, पोटावर दाबलेली मूठ,
रक्ताची पिशवी मिळाली तर पिशवी.
त्यावर हा खोका. वरचा उचलायचा. निवडायचा नाही.
सिस्टर चोला म्हणते, हात शिवशिवतो रे
खालचा ओढायला, उगाच,
बाई डोळ्यांदेखत पांढरी पडत असताना.
ओढत नाही ती. वरचाच फोडते.

मग फॉर्म.
वार: गुरुवार.
वार पडली का: अर्धी.
किती रक्त गेलं?
आधी आम्ही लिहायचो, बरंच.
आता चितेंगे तोलतो.
कमरेची, उशाखालची,
मावशीनं स्वतःच्या अंगावरून ओढून दिलेली.
ओली तोलायची, धुवायची, कुंपणावर टाकायची,
वाळली की पुन्हा तोलायची.
वजाबाकी म्हणजे बाईतून गेलेलं.
रस्त्यावरून तांब्याचे ट्रक जातात, धूळ बसते,
तेवढी चार-दोन ग्रॅमची चूक पोटात घालायची.

चिशालाच्या तीन होत्या.
मासे छापलेली वाळता वाळेना.
दोन दिवस आभाळ, दोन दिवस फॉर्म अपुरा.

तिचा नवरा फाटकाशी उभा होता त्या रात्री,
पेन उलटं धरून.
मीठ-पाणी निघालं तर? त्यानं विचारलं.
कागदावर लिहिलंय तेच, मी म्हणालो.
कागद तुमचा आहे, तो म्हणाला,
आणि सही केली.

बेचाळिसाव्या दिवशी मी फोन लावतो.
प्रश्न तेवीस आहेत,
पण बावीस त्या पहिल्याच्या जिवावर.

चिशाला आहे का?
पलीकडे कोंबड्या, रेडिओ, कोणीतरी मका कांडतंय.
एका म्हाताऱ्या बाईचा आवाज:
त्या नावाची आता इथे कोणी नाही.

फॉर्मवर दोन चौकटी आहेत, एकमेकींना खेटून.
माझं पेन दुसरीवर गेलं.
गेल्या महिन्यात दोनदा गेलंय, वाट पाठ आहे त्याला.
कधी गेली? मी विचारलं.
आत्ताच. नळावर.
मी गप्प.
आणि तिला चिशाला काय म्हणता हो?
लेकरू झाल्यावर बाईचं जुनं नाव उरतं का?
बाना कातोंगो म्हणा, बाना कातोंगो!
कांडणं थांबलं. कोणीतरी हसलं.
तिनं दारातूनच हाक मारली,
माझ्या कानातून आरपार.

पहिली चौकट. खूण करताना कागद फाटला थोडा.
खोका क्रमांक दोन हजार त्र्याण्णव.
औषध असेल तर ते लागू पडलं.
मीठ असेल तर मीठ जागलं.
कदाचित दोन्ही नाही, कदाचित फक्त सिस्टर चोलाची मूठ.
एकटीवरून काही कळत नाही, असं आम्हाला शिकवलंय.
हजारांमागे हजार मांडायच्या,
मग कुठे शंभरात एखादी हातची येते.
त्या एखादीला स्वतःला कधीच कळत नाही
की ती ती होती.

धापा टाकत ती फोनवर आली.
कोण? इस्पितळ?
बावीस प्रश्न माझ्यासमोर उघडे होते.
बरं झालं केलात, ती म्हणाली,
माझी मासेवाली चितेंगे राहिलीय तुमच्याकडे.

मी खण उघडून बघितलं.
आहे, म्हणालो.
वाळलीय.