नातं : लागू नाही

दुकान माझं, बोर्ड कंपनीचा.
हे मला अकरा वर्षं ठाऊक होतं
आणि परवा कळलं.

दाबके म्हणून पोरगा आला पुण्याहून,
सत्तावीसचा असेल, बूट बाहेर काढू का विचारत.
म्हटलं, देऊळ नाही बाबा, ये आत.
फ्रीजच्या कडेला, कोल्ड्रिंकच्या उपड्या क्रेटवर
त्यानं कागद मांडले.
कलम एकोणीस. हस्तांतरण शुल्क
दोन लाख चाळीस हजार, वर अठरा टक्के.
अठरा टक्के म्हणजे त्रेचाळीस हजार दोनशे,
हा हिशेब मी तोंडी केला
तो मोबाईल काढेस्तोवर.

कशाचे, म्हटलं.
प्रशिक्षणाचे, म्हणाला.
नव्या चालकाला सात दिवस चाकणला.

नवी चालक मागंच उभी होती,
बिस्किटांच्या तारखा तपासत.
दिलशाद शिकलगार. सात वर्षं काउंटरवर.
तिला ठाऊक आहे, शटर डावीकडनं उचलायचं,
उजवीकडनं धरलं की तिसऱ्या पट्टीला अडकतं.
लाईट गेली की नवव्या गल्लीतले खराडे
इन्सुलिन आपल्या फ्रीजमध्ये आणून ठेवतात.
शाहू स्टेडियमवर फायनल असली
की बर्फ दुप्पट मागवायचा,
आणि एकाच पेठेच्या रंगाचं सरबत
चुकूनही पुढं मांडायचं नाही.

चाकणला हे कोण शिकवणार?
विचारलं नाही. पोरगा हुकमाचा ताबेदार.

पण मनानं बरा.
पान उलटून त्यानं बोट ठेवलं, आवाज उतरवला.
एकोणीस ब. रक्ताच्या नात्यात शुल्क निम्मं.
काका, पुतणी-बितणी काही लागते का?

दिलशादनं पुडा खाली ठेवला.
फ्रीज गुरगुरायचा थांबला, मग परत सुरू झाला.
एक लाख एकेचाळीस हजार सहाशे रुपये
माझ्या जिभेवर.
माझं रक्त हिंजवडीत असतं,
त्याला हे दुकान म्हणजे बापाची खोड वाटते.
आणि ही, माझ्या बायकोच्या तेराव्याला
दुकान बंद ठेवू नका म्हणून
चावी मागून घेणारी,
ही कोण?
मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते.
सही करताना मानून चालत नाही.

नाही, म्हटलं.
त्यानं लिहिलं, नातं : लागू नाही.
अक्षर चांगलं होतं पोराचं.

मग शुल्क कोण भरणार
यावर आमचं तीन दिवस वाजलं.
ती म्हणे, घेणाऱ्यानं. मी म्हणे, विकणाऱ्यानं.
गिऱ्हाईक दूध घेता घेता निवाडा देऊन जाई.
चौथ्या दिवशी तिच्या अम्मीनं डबा पाठवला,
डब्याखाली भिशी उचललेले पैसे,
रबर लावून, निम्मे, मोजून.
रबर सुद्धा परत मागितलं नंतर.

दाबकेनं यादी केली.
फ्रीज तीन. रॅक चौदा. स्कॅनर एक.
बोर्ड, कंपनीच्या मालकीचा.
मी सही केली आणि पेन त्याचं होतं ते परत दिलं.

पहिल्या तारखेला, सवयीनं,
पावणेसहाला राजारामपुरीत हजर.
शटर वर गेलेलं होतं.
हात उगाच खिशात घातले.
आत गेलो, अर्धा लिटर दूध घेतलं,
स्कॅनर वाजला.
अकरा वर्षं ऐकला तो आवाज,
माझ्या नावानं कधी वाजला नव्हता.
दोन रुपये कमी पडले.

भिंतीवर पाटी आहे, उधारी बंद.
मीच चिकटवलेली, कंपनीला दाखवायला.
पावाच्या ट्रेखाली वही आहे,
तीही माझीच, दाबकेच्या यादीत नसलेली.
दिलशादनं ती काढली.
माझ्यासाठी नवं पान उघडलं नाही,
खराड्यांच्या खाली एक ओळ मोकळी होती
तिथंच लिहिलं :
सांगावकर. दोन रुपये.

म्हटलं, नुसतं सांगावकर?
काका तरी लिहायचं.

ती म्हणाली, कॉलम नाही.