ओळख पटली

पुंता आरेनासला वारा असा, की
विमानतळाबाहेरची झाडं सरळ उभं राहायचं सोडून
पूर्वेला कलंडूनच वाढतात.
आत, पडद्यांच्या खोलीत, कागदही हलत नाही.

एदुविहिस बार्रिया. सव्वीस वर्षं हीच खुर्ची.
पहिल्याच दिवशी मला म्हणाली,
'टॉवरने सांगितलं म्हणून ते विमान तेच, असं धरून चालू नकोस.
सुटल्याची वेळ लिही.
धावपट्टीच्या टोकापासून मैलभराच्या आत
ठिपका उगवला पाहिजे.
मग चार आकडे बघ. शून्य ते सात,
आठ-नऊला आपल्याकडे थारा नाही.
जागा जुळली, आकडे जुळले
की मगच म्हणायचं: ओळख पटली.
तोवर नुसतं हं.'

एप्रिल होता, म्हणजे इथली पानगळ.
पोर्वेनिरला निघालेलं छोटं विमान:
टपाल, यीस्टची खोकी, एक दाताचा डॉक्टर.
चालवणारा कुस्तोदियो.
सुटल्याची वेळ आली, आकडे आलेच नाहीत.
ट्रान्सपाँडर मेला होता.
पडद्यावर मैलभर गिचमिड, पाऊस आणि टेकडी,
आणि तिच्यातून बाहेर पडले
दोन ठिपके.
दोन्ही बिननावाचे, दोन्ही वाऱ्याने झोकलेले.

मी एकावर बोट ठेवलं.
तिने माझं बोट उचलून बाजूला केलं,
पोळीवरची माशी उडवावी तसं.

'डावीकडे तीस अंश वळा,' ती माइकात म्हणाली,
'ओळखीसाठी.'

चार सेकंदांची एक फेरी.
काही नाही.
दुसरी.
तिसऱ्या फेरीला
भर बाजारात कुणी घरच्या नावाने हाक मारावी
आणि मान आपसूक फिरावी
तसा एक ठिपका
जरासा
वळला.

माझ्या बोटाखालचा नव्हे.

'ओळख पटली,' ती म्हणाली.
'बरं झालं बाई,' कुस्तोदियोचा आवाज खरखरत आला,
'या ढगात माझं मलाच खात्रीने सांगता येत नव्हतं.'

दुसरा ठिपका सरळच गेला, उत्तरेला.
'रानहंस,' ती म्हणाली. 'या दिवसांत जातात.'
पडद्याच्या कडेपर्यंत मी त्याला पाहत राहिलो.
त्याला कुणी वळ म्हटलंच नव्हतं.

तिने थर्मासचं झाकण फिरवलं,
पेन्सिल माझ्याकडे सरकवली.
पुढचं विमान धावपट्टीवर उभं होतं.
'वेळ लिही,' म्हणाली.