पिवळीवाले

आमच्याकडे, मिशिगनच्या वरच्या टोकाला,
माणसाला आधी चर्च विचारत नाहीत,
गाडी विचारतात.
बर्फावरची गाडी: पुढे दोन स्की, मागे रुंद पट्टा,
मधे माणूस आणि त्याची हेकट मान.
आम्ही पिवळीवाले. कोस्केला मंडळी हिरवीवाली.
रोटीव्यवहार होता दोन्ही घरांत, सौनाही एकत्र,
बेटीव्यवहार माझ्या बहिणीने सुरू केला,
आणि लग्नात बाबा हिरव्या रिबिनींकडे
दाढ दुखत असल्यासारखे बघत राहिले.

कारण विचारा, प्रत्येकाच्या खिशात एक असतं.
वेनो म्हणतो, हिरवी चढावर दम टाकत नाही.
गेल्या फेब्रुवारीत ती त्याला घेऊन चढावरच बसली,
तर म्हणाला, चूक माझी, तेल बघायला विसरलो.
असं एकदा बायकोला म्हणाला असता
तर ती अजून इथे असती.

बाबांचं कारण शेडमागे होतं.
मेलेल्या तीन पिवळ्या, गवतात रुतलेल्या,
एकीचा कार्ब्युरेटर, दुसरीची सीट,
असं काढत काढत चौथीचा हिवाळा निघायचा.
"रक्तगट जुळावा लागतो," म्हणायचे.
हिरवीचा बेल्ट पिवळीला बसत नाही,
हे उणे तीसमध्ये, तळ्याच्या मधोमध,
टॉर्च दातांत धरून कळतं.

शिवाय ऑर्व्हिल सावेला होता,
नाताळच्या रात्री पायजम्यावर कोट चढवून
दुकान उघडणारा. बेल्ट दिला,
वहीत लिहिलासुद्धा नाही.
आता दुकान शहरात, काचेचं, कॉफीचं मशीन वगैरे.
"तिथे माझ्या नावाचं स्पेलिंग विचारतात," बाबा म्हणाले
आणि तरीही पिवळीच राहिली.

मी कागदावर मांडून दाखवलं होतं त्यांना:
निळी घ्या, जपानी, धूर नाही, पेट्रोल निम्मं,
आणि शांत, इतकी शांत की हरणं मान वर करत नाहीत.
त्यांनी कागद नीट वाचला, घडी घातली,
आणि त्याने हातावरचं ग्रीस पुसलं.
"शांत घेऊन काय करू?"
मला वाटलं, म्हातारा हट्ट.

ते गेल्यानंतरचा दुसरा हिवाळा.
आई सिंकपाशी, मी टेबलाशी, बिलं उघडत.
लांब, पार टोकापलीकडे, काहीतरी खोकलं.
मला वारा वाटला.
आईने हात पुसले, पातेलं चढवलं, गॅस लावला.

"टोकाला वळसा घातला की अकरा मिनिटं,"
ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं.
"बटाटे तेवढ्यात होतात."

एकदा पिवळी नादुरुस्त, ते वेनोची हिरवी घेऊन गेले मासे धरायला.
हिरवी रडते, खोकत नाही.
ती आली, थांबली, आईच्या लेखी ते दुसरंच कुणी होतं.
खिडकीत बसून राहिली, काळोखाकडे कान लावून,
आणि दारात बर्फाने पांढरा झालेला माणूस उभा राहिला
तेव्हा किंचाळली.
त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.
बाबांनी पुन्हा कधी कुणाची गाडी मागितली नाही, एवढंच.

पिवळी ताडपत्रीखाली आहे.
हा आवाज नीमीच्या धाकट्याचा,
त्याने कुठूनतरी त्याच सालची उचललीय,
आणि विचाराल तर सांगेल, पिकअप चांगला आहे.

आवाज जवळ आला, खिडकीची काच किंचित थरथरली,
मग कोस्केलांच्या वळणाकडे उतरत गेला.
आईने गॅस बंद केला.
मी दोन ताटल्या काढल्या.
बटाटे मात्र अगदी बेताचे शिजले होते.